शाळेचे आवार आणि झाडांची सावली
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या वस्तीतील शाळेला नवी इमारत होणार, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्यासाठी जुने कडुलिंब तोडून साऱ्या पटांगणाला सिमेंटच्या फरश्या घालायचे घाटत आहे. त्याविषयी दोन शब्द सांगते.

बंगालमध्ये बोलपूरजवळ शांतिनिकेतन आहे. तिथला भाग म्हणजे तांबड्या मातीचा, पावसाने चिरलेला माळ. सातविणीच्या झाडांपाशी ही जागा महर्षी देवेंद्रनाथ ठाकूर यांनी १८६३ साली घेतली. तेथेच १९०१ साली रवींद्रनाथांनी शाळा काढली. आंबा, साल, बकुळ यांच्या सावलीत वर्ग भरू लागले, आजही भरतात. १९२८ पासून तेथे वृक्षारोपणाचा उत्सव होतो. रोपटे सजवलेल्या पालखीतून, गाणी म्हणत नेतात. आपण नवी सून घरात आणतो, तितक्या मानाने!

१९३५ साली रवींद्रनाथांनी स्वतःसाठी ‘श्यामली’ हे घर बांधवले. भिंती मातीच्या आणि छप्परही मातीचे. भोवतालचे संथाळ लोक मातीच्याच घरांत पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेले. ‘श्यामली’च्या भिंतीवर रामकिंकर बैज यांनी संथाळांच्या आकृती घडवल्या. एवढ्या मोठ्या माणसाने खेड्यातली रीत हलकी मानली नाही. २०२३ साली युनेस्कोने शांतिनिकेतनची जागतिक वारशात नोंद केली.

भगिनींनो, आपल्यालाही आपली जागा ठाऊक आहे. पटांगणात पाणी कुठे तुंबते, दुपारी सावली कुठे पडते, हे मुलांना रोज पोचवणाऱ्या बाईला नकाशा न पाहता सांगता येते. मग नकाशा काढण्यापूर्वी आपल्याला विचारायला नको का? फरशी उन्हात तव्यासारखी तापते आणि तिच्यावर पडलेले पाणी मुरत नाही. शाळेच्या उताराला आपलीच घरे आहेत. ते पाणी आपल्याच उंबऱ्यात येणार.

कुणी म्हणतील, झाडांचा पालापाचोळा होतो, मातीचा चिखल होतो. पाला खड्ड्यात टाकला तर खत होते. चिखलासाठी फाटकापासून दारापर्यंत फरशीची वाट पुरे.

म्हणून शाळेच्या समितीला आपण अर्ज द्यावा: आधी झाडे नकाशात दाखवावीत, मग भिंती आखाव्यात, छपराचे पाणी शोषखड्ड्यात सोडावे, आणि पटांगण मातीचेच ठेवावे. अर्ज लिहून आणला आहे. घरी जाण्यापूर्वी प्रत्येकीने सही करावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.