पोट सुटणे ही बरकतीची खूण नव्हे

(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही, बी.ए., बी.एड. झालेला एक साधा शिक्षक आहे. तरीही आज स्वादुपिंडाच्या कर्करोगावर बोलणार आहे, कारण या रोगाने आमच्या घरातला माणूस नेला.

माझे चाचा अंगाने चांगले भरलेले. सुटलेले पोट म्हणजे बरकत, असे आम्ही सारेच म्हणत असू. पन्नाशीनंतर त्यांना एकाएकी मधुमेह झाला आणि वजन उतरू लागले. "बरे झाले, सडपातळ झालात," असे आम्हीच म्हणालो. पुढे डोळे पिवळे झाले. साधी कावीळ समजून दोन महिने झाडपाल्याचे औषध केले. मोठ्या इस्पितळात गेलो तेव्हा रोग यकृतापर्यंत पसरला होता.

स्वादुपिंड जठराच्या मागे दडलेले असते. पाचकरस आणि इन्सुलिन तयार करणे हे त्याचे काम. अंगात फाजील चरबी साठली की इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, स्वादुपिंडाला जादा राबावे लागते आणि शरीरात मंद दाह धुमसत राहतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली लठ्ठपणाशी निगडित १३ कर्करोग सांगितले. त्यांत हाही आहे.

दुसरी गोष्ट जंतूंची. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या रोगाच्या ११३ गाठी तपासल्या, तेव्हा ८६ गाठींत जंतू सापडले. काही जंतू तर जेमसिटाबिन हे कर्करोगावरचे औषधच निकामी करतात, असे दिसले. २०१९ साली ह्यूस्टनच्या संशोधकांनी रुग्णांच्या आतड्यांतील जंतू उंदरांत सोडले. दीर्घकाळ जगलेल्या रुग्णांचे जंतू ज्यांना मिळाले, त्या उंदरांत गाठ कमी वाढली. अर्थात हे उंदरांवरचे प्रयोग आहेत. वाटीभर दह्याने कर्करोग बरा होतो, असा अर्थ कोणी काढू नये.

मग आपण काय करावे? डाळी, पालेभाज्या, ज्वारी, नाचणी यांतील चोथा हे आतड्यांतील उपकारक जंतूंचे अन्न आहे. तो ताटात वाढवा; तळलेले आणि गोड कमी करा. रोज चाला. बिडी-सिगारेट सोडा, धूम्रपानाने या रोगाचा धोका सुमारे दुप्पट होतो.

आणि पन्नाशीनंतर एकाएकी मधुमेह, विनाकारण घटणारे वजन, पाठीपर्यंत जाणारी पोटदुखी किंवा कावीळ दिसली, तर ताबडतोब डॉक्टरांना गाठा. दर वेळी कर्करोगच असेल असे नाही. पण असलाच, तर लवकर कळल्यावरच शस्त्रक्रिया करता येते.

आमचे दोन महिने वाया गेले. तुमचे जाऊ नयेत, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.