तांबडी रक्तपेशी आणि लंगडणारा पाय

१८३१ साली बूले या फ्रेंच पशुवैद्याने गाडीला जुंपल्या जाणाऱ्या एका घोड्याच्या विकाराची नोंद केली. उभा असताना हा घोडा धडधाकट दिसे. काही पल्ला चालला की मागचा पाय ओढू लागे आणि विसावा मिळताच पूर्ववत होई. त्याच्या मांडीतील रोहिण्या बुजलेल्या आढळल्या. १८५८ मध्ये शार्को यांनी माणसातही हीच अवस्था असल्याचे दाखवून दिले. थोडे चालताच पोटरीत कळ येते आणि थांबल्यावर काही मिनिटांत ती ओसरते. पायाच्या रोहिणीत मेदाचे थर साचून तिचा मार्ग अरुंद झालेला असतो. तंबाखू आणि मधुमेह हे या विकाराचे मोठे साथीदार आहेत. विडी ओढणाऱ्यांनाही यातून सूट नाही.

याच्याशी रक्तपेशीचा काय संबंध, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तांबड्या पेशीचा व्यास ७ ते ८ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सात-आठ पट असतो. ज्या केशवाहिन्यांतून तिला जावे लागते त्यांपैकी कित्येक जेमतेम ५ मायक्रॉन रुंद असतात. पेशी दुमडते, लांबट होते, पलीकडे निघते आणि पुन्हा मूळ आकार धारण करते. तिला केंद्रक नसते. आत हीमोग्लोबिनचा दाट द्रव असतो. शिवाय तेवढा द्रव गोलाकारात सामावण्यास जितके आवरण पुरले असते, त्याहून सुमारे ४० टक्के अधिक आवरण तिच्याजवळ असते. अर्धवट भरलेली पखाल हवी तशी वळते, गच्च भरलेली वळत नाही. तसेच हे आहे. प्लीहेतील फटी तर याहूनही अरुंद असतात आणि ताठरलेल्या पेशी तेथेच अडकून नष्ट होतात.

प्राणवायूच्या अभावी पायातील रक्त आम्लधर्मी होते आणि पेशी ताठरतात, असे निरीक्षण पुढे आले. वाट रुंद करता येत नसेल तर वाटसरूला लवचिक करावे, असा विचार मग रुजला. कॅफीनच्या कुळातील पेंटॉक्सिफायलिन हे औषध याच आशेने १९७०च्या दशकात जर्मनीत वापरात आले. अमेरिकेत त्याला १९८४ साली मान्यता मिळाली. कल्पना देखणी होती, यात शंका नाही.

परंतु देखणेपणा हा पुरावा नव्हे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ६९८ रुग्णांना २४ आठवडे तपासले गेले. पेंटॉक्सिफायलिन घेणाऱ्यांची चाल सरासरी ६४ मीटरनी वाढली. केवळ दिसायला तशाच, औषधविरहित गोळ्या घेणाऱ्यांची ६५ मीटरनी! सिलोस्टॅझॉल या दुसऱ्या औषधाने मात्र १०७ मीटरची वाढ झाली. तथापि हृदयाची शक्ती क्षीण झालेल्यांना ते देता येत नाही. २००२ मध्ये आणखी एक निष्कर्ष आला: पेंटॉक्सिफायलिनने या रुग्णांच्या पेशींची लवचिकताही सुधारली नव्हती. २०१६च्या अमेरिकी मार्गदर्शक सूत्रांनी या दुखण्यावर ते निरुपयोगी ठरविले.

मुळात अडथळा केशवाहिनीत नसून फार वर, मोठ्या रोहिणीत असतो. प्वाझेय यांच्या नियमानुसार नळीचा व्यास निम्मा झाला तर त्याच दाबाखाली प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो. एवढी तूट पेशीच्या मऊपणाने भरून निघणे कठीणच.

सर्वांत खात्रीचा उपाय चालणे हाच ठरला आहे. १९६६ साली लार्सन व लासन या डॅनिश संशोधकांनी एका लहान चाचणीत तो पडताळून पाहिला. कळ येईपर्यंत चालावे, ती ओसरेपर्यंत थांबावे, पुन्हा चालावे. असा क्रम ३० ते ४५ मिनिटे, आठवड्यातून किमान तीनदा, निदान १२ आठवडे ठेवावा लागतो. रोहिणी त्याने मोकळी होत नाही. स्नायू मिळेल तो प्राणवायू अधिक काटकसरीने वापरू लागतात. तंबाखू सोडणे मात्र अपरिहार्य आहे, आणि रक्तातील मेद कमी करणारी व गुठळी रोखणारी औषधे हृदयाच्या रक्षणासाठी द्यावी लागतात. विश्रांतीतही पाय दुखू लागला, किंवा बोटावरील जखम भरेनाशी झाली, तर चालण्याचा हा क्रम पुरेसा नाही. अशा रुग्णाने रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकाकडे विनाविलंब जावे.