गंजिफा, सोंगट्या आणि खेळाचीं यंत्रें

कोंकणांतील पाऊस माणसास ओटीवर बसावयास लावतो. पावससारख्या गांवांतील एखादें कौलारू घर डोळ्यांपुढें आणावें. श्रावण-भाद्रपदांत बाहेर सरी कोसळत असतां तेथें पूर्वीं सोंगट्यांचा पट अंथरला जाई किंवा पत्त्यांचा डाव मांडला जाई. आज गणपतीसाठीं मुंबईहून आलेलीं मुलें त्याच ओटीवर मोबाइलवर नाहीं तर टीव्हीला जोडलेल्या यंत्रावर खेळत असतात. वडील मंडळींस हें सारें परकें वाटतें. पण पट आणि यंत्र यांचें नातें दिसतें त्याहून जवळचें आहे.

जपानांतील निंटेंडो ही संस्था 1889 सालीं क्योटो येथें स्थापन झाली, ती फुलांच्या चित्रांचे पत्ते करण्यासाठीं. तिनेंच 1983 सालीं ‘फॅमिकॉम’ हें घरगुती खेळयंत्र बाजारांत आणलें. त्यापूर्वीं, 1972 सालीं, अमेरिकेंत ‘ओडिसी’ हें अशा प्रकारचें पहिलें यंत्र विक्रीस आलें. त्याच्या पेटींत फांसे, पत्ते व खोट्या नोटाही असत. कारण गुण मोजण्याची शक्ति त्या यंत्रास नव्हती. तें काम खेळणारांनींच करावयाचें.

पत्त्यांची आपल्याकडील परंपरा याहून फार जुनी. बाबरानें 1527 सालीं सिंधच्या शाह हसनाकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रांत आहे. मोगली गंजिफांत 96 पानें असत. पुढें त्यांतूनच दशावतारी गंजिफा तयार झाली. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येकाचीं बारा पानें: राजा, प्रधान आणि एक ते दहा. एकूण 120 वाटोळीं पानें तिघांत वांटलीं म्हणजे प्रत्येकाच्या हातीं 40 येतात. हुकूम नाहीं. पांच रंगांत दश्शी भारी, तर उरलेल्या पांचांत एक्का भारी. दिवसा डाव सुरू झाला तर रामाचा मान पहिला, रात्रीं कृष्णाचा. कोणतीं पानें पडून गेलीं हें ज्याच्या ध्यानांत राहील, तोच जिंकेल.

पावसच्या दक्षिणेस सावंतवाडीस हीं पानें रंगविणारे चितारी होते. ही कला नामशेष होण्याच्या बेतांत असतां शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनीं 1970 च्या दशकांत राजवाड्यांत तिला पुन्हां उभें केलें. हें कार्य मोठें खरें; तथापि त्या सुंदर संचांपैकीं पुष्कळसे आज कांचेच्या कपाटांत शोभेसाठीं राहतात. खेळणारीं माणसें मात्र विरळ झालीं.

येथेंच यंत्र आणि गंजिफा यांतील खरा भेद दिसतो. जुन्या यंत्रावरील खेळाचे नियम त्याच्या आज्ञावलींतच सांठविलेले असतात. यंत्र मोडलें तरी ती नव्या संगणकावर उतरवून तोच खेळ चालवितां येतो. गंजिफेच्या पानावर राजा आहे, प्रधान आहे. पण कोणत्या रंगांत दश्शी भारी, हें पान सांगत नाहीं. तें आजोबा नातवास सांगतात, नाहीं तर तें नाहींसें होतें.

म्हणून मुलांच्या हातांतील यंत्र हिसकावून घेण्यांत अर्थ नाहीं. त्यांचा डाव वडिलांनींही समजून घ्यावा आणि मग गौरीगणपतीच्या एखाद्या रात्रीं आपला पट अंथरावा. शिकविण्यास एक आणि शिकण्यास दोन, एवढीं तीन माणसें मिळालीं तरी गंजिफेचा डाव पुरा होतो.