किल्लारीहून कच्छला
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



'राष्ट्रीय एकात्मता आणि आपले कर्तव्य' हा विषय शाळेत निबंधाला हमखास यायचा. आज तोच मला बोलायला दिला आहे. निबंधातली वाक्ये आपल्या सगळ्यांना पाठ आहेत. म्हणून मी आपल्या समोर घडलेल्या एका घटनेबद्दल बोलते.

३० सप्टेंबर १९९३. आपण नववीत होतो. अनंत चतुर्दशीची मिरवणूक पाहून सोलापूर उशिरा झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. आपल्याकडे मांडणीवरची भांडी वाजली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मात्र किल्लारी, सास्तूर अशी गावेच्या गावे भुईसपाट झाली. सुमारे दहा हजार माणसे गेली.

देशभरातून मदत आली. आपल्या शाळेतही प्रार्थनेनंतर वर्गावर्गातून डबा फिरला, खाऊचे पैसे त्यात पडले. कोणाची जात कोणती, भाषा कोणती, हे कोणी विचारले नाही. ती एकात्मता खरीच होती. पण दिवाळी आली, सहामाहीचा निकाल लागला आणि आपण आपापल्या कामाला लागलो.

तिथले खरे काम त्यानंतर सुरू झाले. मी सॉफ्टवेअरमधली असले तरी इंजिनिअर आहे. काही कोसळले की ते का कोसळले, हे पाहायची सवय आहे. तिथली घरे दगड-मातीची, भिंती दोन-तीन फूट जाड आणि वर मातीचे जड माळवद. भिंतीचे आतले व बाहेरचे थर एकमेकांना बांधून ठेवणारे आरपार दगड बहुतेक भिंतींत नव्हते. हादऱ्याने भिंती फुटल्या आणि माळवद झोपलेल्या माणसांवर आले. भूकंपाच्या नकाशात हा भाग सुरक्षित मानला जात होता, म्हणून कोणाला काळजीही नव्हती.

पन्नासच्या वर गावे नव्या जागी वसवली गेली. त्याहून कितीतरी अधिक गावांत घरे जागच्या जागी दुरुस्त करून मजबूत करायची होती. सरकारी मदत घेऊन ते काम घरमालकांनीच करायचे होते. मदत कशी मिळते, भिंत मजबूत कशी करतात, हे घरोघरी समजावायला महिला मंडळांतल्या बायका 'संवाद सहायक' म्हणून उभ्या राहिल्या. प्रेमा गोपालन यांची 'स्वयम् शिक्षण प्रयोग' ही संस्था त्यांच्या पाठीशी होती.

मग २६ जानेवारी २००१ उजाडला. प्रजासत्ताक दिनाच्या सकाळी कच्छ हादरले. तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या या बायका गुजरातला गेल्या. मुलूख परका, भाषा वेगळी. पण घर पडल्यावर काय काय करावे लागते, हे त्यांनी स्वतः सोसून शिकलेले होते आणि तेच त्या तिथल्या बायकांना सांगत होत्या. देशाने किल्लारीला दिलेली मदत अशी पुढे कच्छला पोहोचली. एकात्मता म्हटले की मला या बायका आठवतात.

आता आपल्याबद्दल. या मेळाव्यासाठी जमलेल्या निधीतून शाळेला आपल्या बॅचच्या नावाची कमान बांधावी, अशी सूचना आली आहे. भावना चांगली आहे. पण आपण ज्या जुन्या दगडी इमारतीत शिकलो, तिथे आजही मुले बसतात. त्या भिंतींत आरपार दगड आहेत का, हे आपल्यापैकी कोणालाच ठाऊक नाही. आधी इमारतीची जाणकारांकडून तपासणी करून घेऊ. आपल्यात सिव्हिल इंजिनिअर आहेत, कंत्राटदार आहेत, डॉक्टर आहेत. भूकंप किंवा आग लागल्यावर बाहेर कसे पडायचे, याचा सराव मुलांकडून वर्षातून दोनदा करून घेता येईल. त्याला पैसे फारसे लागत नाहीत, येणारी माणसे लागतात.

कमान नंतरही बांधता येईल. तपासणीचा ठराव मात्र आजच्याच बैठकीत व्हावा, अशी माझी सर्वांना विनंती आहे.