घर कसलं घ्यावं, आणि कुणाच्या नावावर?

(वर्ध्यातील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आजचा विषय तुम्हीच दिलेला आहे. आपल्या गटांमधून एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतो आहे: हाती चार पैसे आले, कर्जही मिळतंय, तर प्लॉट घेऊन घर बांधावं, कुणाचं तयार घर विकत घ्यावं, की रो-हाऊस नाहीतर फ्लॅट बघावा? प्रश्न येणारच. पिपरी मेघे, सिंदी मेघे, बोरगाव, नालवाडी, जिकडे बघावं तिकडे कालच्या कापूस-तुरीच्या शेतात आज ले-आऊटचे दगड रोवलेले आहेत. हिंगणघाट, आर्वी, पुलगावलाही तेच चाललंय.

यातलं काय स्वस्त, काय मजबूत, हे सांगणारे पुष्कळ भेटतील. मेव्हणा सांगतो, ठेकेदार सांगतो, बँकेतला साहेब सांगतो. बाईच्या बाजूनं या तिन्हीकडे कुणी बघत नाही, म्हणून मी तेवढंच बघणार आहे. तीन तऱ्हांची घरं, आणि तिन्हींत बाई कागदावरून गळून पडण्याच्या जागा वेगवेगळ्या.

मागच्या बैठकीत एक बाई म्हणाल्या, "ताई, घर त आमचंच हाय, मंग कागदावर नाव कायले पायजे?" त्यांचा संसार चांगला चाललाय, त्यांना खरंच तसं वाटतं. त्यांना मी भांडणाची भीती घातली नाही, एका अभ्यासातले आकडे सांगितले. प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल यांनी केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात ५०० हून अधिक विवाहित बायकांचा अभ्यास केला, तो २००५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या नावावर जमीनही नाही आणि घरही नाही, अशा शंभरातल्या ४९ जणींनी नवऱ्याचा मार खाल्लेला होता. नुसती जमीन असलेल्यांत हे प्रमाण १८, नुसतं घर असलेल्यांत १०, आणि दोन्ही असलेल्यांत ७. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की घरानं जमिनीपेक्षाही जास्त फरक पडला. शेत असलं तरी रात्री अकरा वाजता बाई शेतात जाऊन झोपू शकत नाही. घर असलं तर ती म्हणू शकते, मी इथंच राहणार, तुला जायचं तर तू जा.

आता पहिली तऱ्हा, स्वतः बांधायचं. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण आपल्यापैकी बहुतेकींचा जीव याच्यातच अडकलेला आहे.

बांधण्याची गोष्ट निघाली की वर्धेकरांना सेवाग्राम आठवतं. १९३६ साली गांधीजी तिथं राहायला आले, तेव्हा त्या गावाचं नाव शेगाव होतं. जवळपास मिळेल त्याच मातीत, बांबूत, कवेलूत घर व्हावं असा त्यांचा आग्रह. जगभरातून माणसं जी बापूकुटी बघायला येतात, ती मुळात मीराबेननं स्वतःसाठी बांधलेली कुटी होती. भिंतीवरची ताडाची झाडं आणि चरखा मातीत उठवले ते तिनंच. पुढं गांधीजी तिथं राहायला आले आणि कुटीचं नाव बापूकुटी झालं. मीराबेनला त्याचं दुःख झालं असेल असं मी मुळीच म्हणत नाही, तिनं तर आनंदानंच दिली असणार. पण बघा, बाईनं बांधलेल्या घराला पुरुषाचं नाव लागणं इतकं सहज असतं की अख्ख्या वर्धा जिल्ह्याला त्यात काही वेगळं वाटत नाही.

आपल्या घरी हेच रोज होतं, फक्त महात्मा कुणी नसतो. प्लॉट सासऱ्याच्या नावावर. त्यावर घर चढतं ते सुनेच्या मंगळसूत्रावर, तिच्या बचत गटाच्या कर्जावर, माहेराहून आलेल्या पैशावर. विटा, सिमेंट, गज यांची बिलं फाटतात नवऱ्याच्या किंवा दिराच्या नावावर. सहा महिने ती भिंतींवर पाणी मारते, मिस्त्रीचा चहा करते, रात्री रेतीची राखण करते. वास्तुपूजनाला पाटावर बसते. आणि दहा वर्षांनी वाद झाला की तिला विचारलं जातं, "तुझं काय हाय इथं?" तिच्याकडे एक चिठ्ठी नसते. दागिने विकल्याची सोनाराची पावतीसुद्धा नाही. ही कुणा एकीची गोष्ट नाही. आपल्याकडे येणाऱ्या दर दोन-तीन जणींमागं एकीची आहे.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. ज्या जमिनीवर तुमचं नाव नाही तिच्यावर तुमचे दागिने चढवू नका. आधी जमीन, मग वीट. सासरा जिवंत असेल, राजी असेल, तर त्याच्याकडून नवऱ्याच्या नावावर आणि मग दोघांच्या नावावर करून घ्या, किंवा थेट करून घ्या. राहतं घर नवऱ्यानं बायकोला बक्षीसपत्रानं द्यायचं म्हटलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. स्थानिक कर आणि नोंदणीचा खर्च वेगळा, पण खरेदीच्या मानानं काहीच नाही. खर्च फार येतो ही सबब ऐकून घेऊ नका. आणि सासरा राजी नसेलच, तर सोनं बँकेत राहू द्या. लोक हसतील. हसू द्या.

प्लॉट नवा घेत असाल तर शेतीचे तुकडे पाडून बॉण्डपेपरवर नोटरी करून देणारे खूप फिरताहेत. नोटरीनं मालकी मिळत नाही. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडं नोंदवलेलंच हवं. ले-आऊट मंजूर आहे का, जमीन अकृषक झाली आहे का, सात-बारावर भोगवटदार वर्ग दोन तर नाही ना, हे तलाठ्याकडं स्वतः जाऊन बघा. नवऱ्यानं बघितलं म्हणजे आपण बघितलं असं नाही. आदिवासी मैत्रिणींच्या जमिनीबद्दल आणखी एक: आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकताच येत नाही. अशा जमिनीवर कुणी स्वस्तात प्लॉट दाखवत असेल तर तो तुम्हालाही बुडवतोय आणि त्या आदिवासी कुटुंबालाही.

बांधण्याचा मोठा फायदा म्हणजे घर आपल्या कामाच्या सोयीनं करता येतं. पण नकाशा काढताना बाईला विचारतं कोण? दर्शनी भाग, गाडीची जागा, देवघराची दिशा यावर तासन्‌तास चर्चा. स्वयंपाकघर जातं पश्चिमेच्या कोपऱ्यात, एक खिडकी, तीही शेजारच्या भिंतीकडं. मे महिन्यात इथं पारा पंचेचाळीसच्या वर जातो. तेव्हा कुलर बैठकीत असतो आणि बाई ओट्यापाशी. नकाशावर सही करायच्या आधी चुन्यानं जमिनीवर ओट्याची, मोरीची, संडासाची जागा आखून घ्या आणि तिथं उभ्या राहून बघा. पैसा पायव्यात घाला, कारण आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरवरच्या पायव्याच्या भिंतींना तडे पाडते. पाया मुरमापर्यंत गेला पाहिजे. वरची पीओपी नंतरही करता येते.

घरकुल मिळणाऱ्यांसाठी दोन वाक्यं. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात, आणि ते बाईच्या किंवा दोघांच्या नावावर मंजूर व्हावं असा नियम आहे. पण मंजुरीच्या कागदावर नाव लागलं म्हणजे जागेवर लागलं असं नाही. ग्रामपंचायतीचा नमुना आठ बघा. २००३ साली राज्य सरकारनं 'घर दोघांचे' म्हणून निर्णय काढला, ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत घर पती-पत्नी दोघांच्या नावे लावावं असा. त्याच्याही आधी शेतकरी संघटनेच्या 'लक्ष्मीमुक्ती'त विदर्भातल्या कितीतरी शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे शेत केलं होतं. म्हणजे हे काही आम्ही शहरातून आणलेलं खूळ नाही, इथल्याच मातीतलं आहे. तरी ग्रामसेवकाकडं अर्ज घेऊन गेलं की "साहेब सुटीवर आहेत" हे ठरलेलं. अर्जाची पोच घ्या.

दुसरी तऱ्हा, तयार घर. इथं एकच मोठी भीती: विकणाऱ्याच्या बहिणी. तुम्ही हसता, पण खरं आहे. बापाचं घर भाऊ विकतो आणि बहिणींकडून साडीचोळी देऊन हक्कसोड लिहून घेतो, किंवा त्यांचं नावच काढून टाकतो. आपल्या राज्यात १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखा हक्क मिळाला, पण लग्न झालेल्यांना वगळून. २००५ साली केंद्रानं ती अट काढली. बाप त्या दिवशी हयात असण्याचीही गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलं. बौद्ध मैत्रिणींना हाच कायदा लागू आहे. आदिवासींना तो लागू नाही, मुस्लिम मैत्रिणींचा वारसा वेगळ्या नियमानं चालतो. तेव्हा घर घेताना विचारा, बहिणी किती आणि त्यांच्या सह्या कुठं आहेत. एरवी आपण त्यांच्या हक्काच्या घोषणा द्यायच्या आणि स्वतःचं घर घेताना त्यांच्याकडं डोळेझाक करायची, हे काही बरं नाही.

तिसरी, रो-हाऊस आणि फ्लॅट. आपल्या चळवळीत याकडं जरा नाक मुरडतात, बिल्डरचं घर म्हणून. मी मात्र एकट्या बाईला, टाकलेल्या बाईला, नोकरीवाल्या विधवेला हेच सुचवते. कारण साधं आहे. इथं सासऱ्याची जमीन नसते, दिराची रेती नसते. कागद एका ठिकाणी असतात. ठेकेदार "घरी पुरुष माणूस नाही का?" असं विचारत नाही, पैसे विचारतो. रात्री शेजारच्या भिंतीवर थाप मारली तर कुणी तरी ऐकतं. पन्नास प्लॉटांच्या ले-आऊटमध्ये जिथं चारच घरं उभी आहेत, तिथं एकटीनं राहून बघा म्हणजे कळेल मी काय म्हणते ते.

अर्थात डोळे उघडे ठेवून. ५०० चौरस मीटरहून मोठा आणि ८ पेक्षा जास्त घरांचा प्रकल्प असेल तर त्याची महारेराकडं नोंदणी लागते. नंबर मागा. रो-हाऊसखालची जमीन तुमच्या नावे होणार की सगळ्यांची सामायिक राहणार, हे करारात वाचा. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय राहायला जाऊ नका.

मुद्रांक शुल्काचंही सांगते. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात बाईनं घर घेतलं तर शुल्कात एक टक्का सूट आहे. २० लाखांच्या घरामागं २० हजार. पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही अशी अट आधी होती, ती २०२३ मध्ये निघाली. सूट फक्त बायकांच्याच नावावर खरेदी असेल तर, नवऱ्यासोबत घेतलं तर नाही. त्यामुळं आता कित्येक नवरे आपणहून म्हणतात, "तुझ्याच नावावर घेऊ." घ्या. जरूर घ्या. पण त्याच आठवड्यात तो मुखत्यारपत्रावर सही मागेल, ती देऊ नका. याच्या उलटंही घडतं: पगारदार बायकोला कर्जात सहकर्जदार करतात, हप्ते तिच्या खात्यातून जातात, खरेदीखतात मात्र तिचं नावच नसतं. हप्ता भरणारीचं नाव खरेदीखतात हवं. बँकेतल्या माणसाला ओरडून विचारा.

ज्यांचं नाव कुठल्याच कागदावर नाही, त्यांनीही घाबरून उद्याच घर सोडू नये. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला. ते घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी तो मागता येतो, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं. हा राहण्याचा हक्क आहे, मालकी नव्हे. पण पिशवी घेऊन बाहेर पडण्याआधी तो माहीत हवा.

आणि ज्यांच्या नावावर घर आहे त्यांच्यासाठी शेवटचं. हिंदू वारसा कायद्यात बाई मृत्युपत्र न करता गेली तर तिची मिळकत मुलं आणि नवऱ्याकडं जाते, आणि ती नसतील तर नवऱ्याच्या वारसांकडं. तिच्या आई-बापाचा नंबर त्यानंतर. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढं असंच एक प्रकरण आलं. लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेली, सासरच्यांनी हाकलून दिलेली बाई. माहेरी शिकली, नोकरी केली, स्वतः कमावलं. मृत्युपत्र केलं नव्हतं. तिचं सगळं गेलं नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना, ज्यांनी तिला कधी विचारलंही नव्हतं. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. साधा कागद, तुमची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. बहिणीला द्या, मैत्रिणीला द्या, पण लिहून ठेवा.

आता चहा घेऊ. ज्यांनी नमुना आठचे उतारे आणि खरेदीखतं आणली आहेत त्यांनी मागच्या खोलीत यावं, आपण एकेक कागद वाचू. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी आधी यावं.