गर्भवतीचा रक्तदाब आणि बालकाची बुद्धी
(ज्ञातिमंडळाच्या नाशिक येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मी वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि सारे आयुष्य प्राथमिक शाळेत घालविलेला एक शिक्षक आहे. तेव्हा या विषयावर मी का बोलावे, हा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर एका कबुलीने देतो.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. कविता त्यास चटकन पाठ होई. परंतु हातच्याची वजाबाकी तो आज शिके आणि उद्या विसरे. मी त्यास आळशी ठरविले, बाकावर उभे केले, क्वचित छडीही मारली. पुढे एकदा त्याची आई शाळेत आली आणि डोळ्यांस पदर लावून म्हणाली, "गुरुजी, ह्याच्या वेळेस माझं अंग सुजलं होतं, फिट आली होती. आठव्या महिन्यातच झाला हा. माझ्या नशिबाचा भोग तो भोगतोय." त्याच्या अडचणीचे कारण हेच होते, असे मी म्हणणार नाही, एका मुलाविषयी तसे निश्चित सांगता येत नाही. परंतु छडी उचलण्यापूर्वी मी चौकशी केली नाही, ही टोचणी कायम राहिली.

वीस आठवड्यांनंतर गर्भवतीचा रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक राहू लागला व लघवीतून प्रथिने जाऊ लागली, म्हणजे त्यास प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. झटके आले की तीच एक्लॅम्प्सिया; ती बाहेरची बाधा नव्हे. या विकारात वारेकडे रक्त पुरेसे पोहोचत नाही. बाळाची वाढ खुंटते, पुष्कळदा प्रसूती मुदतीपूर्वी करावी लागते, आणि मेंदूच्या जडणघडणीचे अखेरचे मोलाचे आठवडे हातचे जातात.

फिनलंडमधील हेलसिंकी येथे १९३४ ते १९४४ या काळात जन्मलेल्या सुमारे चारशे पुरुषांची बुद्धिमापन चाचणी विशीत आणि पुन्हा अडुसष्टीच्या सुमारास घेण्यात आली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, ज्यांच्या मातांना गरोदरपणी रक्तदाबाचा विकार होता, त्यांचे गुण उतारवयात सरासरीने काहीसे कमी भरले. आणि हा फरक अंकगणितात विशेष दिसला. हे वाचून मला तो मुलगा आठवला. मात्र हा फरक सरासरीचा व थोडा आहे. अशा मातांची बहुसंख्य मुले चांगली शिकतात. तेव्हा कोणी भयभीत होऊ नये.

आता आपल्या घरची गोष्ट. हा विकार पहिलटकरणीस अधिक होतो. आणि पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. मुंबई-पुण्याची लेक सातव्या महिन्यात नाशिकास येते. डोहाळेजेवण थाटात होते. परंतु जुना डॉक्टर सुटलेला, नवा ठरलेला नाही, कागद सासरीच राहिलेले. विकार बळावण्याच्या नेमक्या त्या काळात तपासणी खंडित होते. पाय सुजले तर "गरोदरपणात सुजतातच" म्हणून आपण गप्प बसतो. रीत गोड आहे, ती मोडू नका. परंतु ओटीबरोबर माता व बाल संरक्षण कार्डही आणा, आणि लेक आली त्याच आठवड्यात रक्तदाब व लघवी तपासून घ्या. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ साली सुरू झाले. त्यात दरमहा ९ तारखेस सरकारी रुग्णालयांत ही तपासणी विनामूल्य होते.

तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, पोटाच्या वरच्या भागात कळ, चेहऱ्यावर सूज, यांपैकी काही दिसल्यास सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बाळंतपणानंतरही काही आठवडे सावध असावे. उपाय आहेत. ३३ देशांतील सुमारे दहा हजार स्त्रियांच्या पाहणीत, मॅग्नेशियम सल्फेट या साध्या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून अधिक घटतो, असे २००२ साली सिद्ध झाले. ज्यांना धोका अधिक, त्यांस डॉक्टर आरंभीच्या महिन्यांपासून ॲस्पिरिनची अल्प मात्रा देतात. मात्र ती आपल्या मनाने घेऊ नये.

शेवटची विनंती वडीलधाऱ्यांस. मूल अशक्त निपजले, मागे पडले, म्हणून सुनेस बोल लावू नका. ग्रहणात तिने काय चिरले, हे विचारण्यापेक्षा तिचा रक्तदाब कोणी मोजला होता काय, हे स्वतःस विचारा. मूल उशिरा बोलले, उशिरा चालले, तर बालरोगतज्ज्ञास लवकर दाखवा. आणि शाळेत घालताना जन्माची हकिकत शिक्षकास मोकळेपणाने सांगा. मला ती वेळेवर कळली असती, तर त्या मुलास छडीऐवजी चिंचोके दिले असते, आणि वजाबाकी त्यास कदाचित आलीही असती.