अवघडपणा कुठे असतो?



विषय व्हिडिओ गेमचा असला तरी तुमच्या ओळखीच्या दौलताबादपासून निघू. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी या गडावर, म्हणजे तेव्हाच्या देवगिरीवर आला. आज दिसणारी सगळी तटबंदी तेव्हाची नाही, पण डोंगर तोच होता. यादवांची मोठी फौज बाहेर असताना त्यानं गाठलं आणि कडा चढण्याच्या भानगडीत न पडता वेढा घातला. धान्याच्या पोत्यांत मीठ निघाल्याची कथा आपण ऐकत आलो. यादव राजा रामदेवरावांना तह करावा लागला. चढून येणाऱ्यासाठी जो गड अभेद्य, तो थांबून राहणाऱ्यापुढे टिकला नाही.

हाच फरक आता जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीच्या गेममध्ये बघा. डार्क सोल्स २०११ चा, एल्डन रिंग २०२२ चा. दोन्हींत ‘सोपं, मध्यम, कठीण’ असा पर्यायच नाही. तरीही एकाला एल्डन रिंग छळ वाटतो आणि दुसरा म्हणतो, जमतं की! दोघंही खरं बोलतात.

एल्डन रिंगमध्ये स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या वाटेवर मार्गिट नावाचा राक्षस उभा असतो. एक जण हातातल्या साध्या तलवारीनिशी पुन्हा पुन्हा त्याच्यावर धावतो आणि मरतो. दुसरा माघारी वळतो, घोड्यावरून मुलूख फिरतो, लेव्हल वाढवतो, शस्त्राला धार चढवतो, मग लांडग्यांचे आत्मे सोबत घेऊन परततो. मार्गिटची ताकद तेवढीच असते. मदतीला दुसरा खेळाडू बोलावला तर मार्गिटची हेल्थ वाढते, आत्म्यांमुळे वाढत नाही. तो लांडग्यांमागे लागला की आपल्याला वार करायला उसंत मिळते.

मग एकच पद्धत सगळीकडे चालेल? नाही. ढालीआड उभं राहून भाला खुपसणाऱ्याची गाठ याच गेममधल्या मलेनियाशी पडू द्या. तिचा वार ढालीवर झेलला तरी तिची हेल्थ भरते! याच कंपनीनं ब्लडबोर्नमध्ये, २०१५ मध्ये, ढाली जवळजवळ काढूनच टाकल्या. तिथं मार बसल्यावर लगेच उलटा वार केला तर गेलेली हेल्थ काही प्रमाणात परत मिळते. मागं सरणाऱ्याला ती मिळत नाही. त्यांच्याच २०१९ च्या सेकिरोत तर सोबतीला कुणाला बोलावताच येत नाही. अचूक क्षणी वार अडवून शत्रूचा तोल मोडावा लागतो. आयुष्यभर लोळण घेत वार चुकवलेला खेळाडू तिथं नवशिका होतो.

तरुण मंडळींत एक वाद नेहमी रंगतो. जादू वापरली, आत्मे बोलावले, म्हणजे ‘खरं’ खेळलाच नाहीस! मला हे पटत नाही. ही साधनं खेळ रचणाऱ्यांनीच ठेवली आहेत. एकट्यानं, लेव्हल न वाढवता लढणाऱ्याचं कौतुक जरूर करा. पण त्यानं स्वतःसाठी चढ निवडलाय, तो इतरांवर लादण्याचा हक्क त्याला नाही.

अडलात तर हात वेगानं चालवण्याआधी बघा, हा शत्रू कशाची शिक्षा देतोय: घाईची, माघारीची, की अंगावरच्या जड चिलखताची? उत्तर मिळालं की शस्त्र बदला, वाट बदला. बोटांचा वेग वयानुसार कमी होतो. ही पारख मात्र खेळत राहिलं की वाढते. म्हणून पन्नाशीतल्या श्रोत्यांनीही कंट्रोलर हाती घ्यायला हरकत नाही.